शेजारी बसणाऱ्याने जागे असावे

सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना गाडी शिकवून झाल्यावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी क्लचमावशीच्या हातात शिकाऊ लायसन्स पडलं. त्यावरच्या फोटोत ती रागावलेली दिसते. फोटो काढणाऱ्याने सांगितलं होतं, हसायचं नाही. ते सांगायची काही गरज नव्हती.

क्लचमावशी हे नाव तिच्याकडे शिकायला येणाऱ्यांनीच ठेवलेलं. तिची ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक छोटी पांढरी गाडी, टपावर पाटी आणि ती स्वतः. उजवीकडे स्टिअरिंगपाशी शिकणारं माणूस, डावीकडे मावशी, आणि मावशीच्या पायाशी तिचे वेगळे दोन पेडल, एक क्लच आणि एक ब्रेक. तोंडाने सारखं चालू असायचं, "क्लच! अहो, क्लच दाबा, तो काय पायपुसणं आहे?" आणि पाय गुपचूप ब्रेकवर. शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच वेळेवर थांबलो. त्याला तसं वाटू देणं हीच मावशीची विद्या. शाळेतल्या बाई, शिवणकाम करणाऱ्या, निवृत्त कारकून, सगळे तिच्याकडे शिकले. एक डोळ्यांचे डॉक्टर होते, ते आरशात म्हणून बघायचे नाहीत, त्यांनाही तिने पास करून दाखवलं. आपल्या हाताखालून गेलेलं कुणी नापास झालं नाही, असं ती सांगायची. एक अपवाद होता. तो ती सांगायची नाही.

तो अपवाद म्हणजे तिची पोटची लेक.

लेक लागोपाठ तीनदा नापास झाली आणि मग "मला नाही यायचं तुझ्या गाडीत" म्हणून मोकळी झाली. पुढे लग्न झालं, परदेशात गेली, तिथल्या एका निवृत्त बसवाल्याकडे शिकली आणि पहिल्या झटक्यात पास झाली. तो बसवाला म्हणे तासाभरात दोनच शब्द बोलायचा. लेकीने हे फोनवर सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली, "छान." मग तिने पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

आता लेक तिकडे एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी करायची. जावई जहाजावर इंजिनीअर, सहा-सहा महिने घरात दिसायचा नाही. नातीचं नाव ढमी, वय सहा, ऐकू कमी यायचं, दोन्ही कानांत यंत्रं. तिच्यासाठीची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, बावीस किलोमीटर. दुपारी घरी सोडायला शाळेची गाडी होती, सकाळी न्यायला नव्हती. का नव्हती, ते त्या शाळेलाच ठाऊक. म्हणजे लेक रात्रभर जागायची, सकाळी घरी यायची, शेजारणीकडे झोपलेल्या ढमीला उचलायची आणि तशाच तारवटलेल्या डोळ्यांनी बावीस किलोमीटर जायची. यायची पुन्हा बावीस.

एके दिवशी फोनवर बोलता बोलता लेक म्हणाली, "काल गाडीचा आरसा तुटला गं, खांबाला घासला."

"वळताना की सरळ रस्त्यावर?" मावशीने विचारलं.

"सरळ रस्त्यावर."

सरळ रस्त्यावर खांब मध्ये येत नाही. माणूस खांबाकडे जातं, आणि ते जागं असेल तर जात नाही. एवढं कळायला सत्तावीस वर्षं लागत नाहीत, पण तिची झालेली होती. महिनाभरात कागदपत्रं झाली, पांढरी गाडी तिने आपल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनीला चालवायला दिली आणि ती लेकीकडे कायमची राहायला आली. हेतू एकच. सकाळची गाडी आपण चालवायची आणि पोरीला झोपू द्यायचं.

यात एक अडचण निघाली, ती अशी की मावशीला गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे येत होती, पण त्या देशाच्या मते येत नव्हती.

परवाना कचेरीत चौथ्या खिडकीवर एक गोरीगोमटी, शांत बाई बसलेली. तिच्यापुढे काचेखाली देशांची यादी. यादीतल्या देशांचं लायसन्स दाखवलं की इकडचं मिळायचं. मावशीला तिकडची भाषा कामापुरती येत होती, ती तिने सगळी वापरली.

"तुमचा देश यादीत नाही," खिडकीतली बाई म्हणाली.

"मी सत्तावीस वर्षं गाडी शिकवते."

"करार नाही."

"अडीच हजार माणसं माझ्याकडे शिकून गेली. त्यातली दोन इथेच राहतात, चालवतात, विचारा हवं तर."

"त्यांनी इथे परीक्षा दिली असेल," बाई म्हणाली आणि शिकाऊ परवान्याचा अर्ज काचेखालून पुढे सरकवला. पेन मात्र स्वतःचं आणा म्हणाली.

नियम असे होते. आधी लेखी परीक्षा. मग शिकाऊ परवाना. गाडीला पुढे-मागे लाल अक्षराची पाटी. मग पन्नास तास गाडी चालवायची, ते वहीत लिहायचे आणि शेजारी बसणाऱ्याने सही करायची. शेजारी बसणाऱ्याचं लायसन्स तीन वर्षं जुनं असावं, त्याने दारू प्यायलेली नसावी, हातात फोन नसावा आणि त्याने जागे असावे. एकदा नापास झालं तर आणखी दहा तास.

आता गंमत बघा. रात्रभर जागलेली लेक एकटी गाडी चालवायला निघाली, तर तो गुन्हा नव्हता. तिच्याकडे लायसन्स होतं. आठ तास झोपून उठलेली, सत्तावीस वर्षं मुरलेली मावशी तीच गाडी घेऊन निघाली, तर तो गुन्हा. आणि मावशीने चालवायची म्हटली, तर झोपाळलेल्या लेकीने शेजारी बसून डोळे उघडे ठेवायचे, म्हणजे झालंच कल्याण. ज्या कुणी हा नियम केला त्याच्या घरी रात्रपाळी कुणी करत नसणार.

लेखी परीक्षेच्या हॉलमध्ये बाकावर पंधरा-वीस जण होते आणि सगळे आपापल्या देशात गाडी चालवून आलेले. दातांचा एक डॉक्टर होता. त्याच्या गावी पटांगणात गाडी थोडी पुढे आणि थोडी मागे घेतली की झालं, रस्त्यावर न्यावीसुद्धा लागली नव्हती. एका सुताराच्या देशात आधी निसरड्या मैदानावर मुद्दाम गाडी घसरवायला शिकवतात. तो म्हणाला, मी आयुष्यात पहिल्यांदा तिथेच किंचाळलो. एका बाईंच्या देशात जखमेला पट्टी बांधायचा वर्ग केल्याशिवाय अर्जच घेत नाहीत. दुसऱ्या एकीकडे शेतावरची पोरं चौदाव्या वर्षी परवाना काढतात. ती स्वतः चौदाव्या वर्षापासून चालवत होती आणि आता एकावन्नाव्या वर्षी आमच्या मावशीशेजारी बसून, गोल पाटीचा अर्थ काय आणि त्रिकोणी पाटीचा काय, ते पाठ करत होती. दातांच्या डॉक्टरांनी मावशीला विचारलं, "तुमच्याकडे कसं असतं?"

"आमच्याकडे मी असते," मावशी म्हणाली.

चाळीसपैकी अडतीस आले. राहिलेल्या दोन प्रश्नांवर तिचा अजून वाद आहे.

सरावाच्या पहिल्या दिवशी मावशी डाव्या दाराने आत बसली. त्या देशात स्टिअरिंग डावीकडे. तिने पट्टा लावला, आरसा नीट केला, हात मांडीवर ठेवले आणि वाट बघू लागली. शेजारी लेक. तीही वाट बघत होती. अशी दोन मिनिटं गेली.

"आई, निघू या?"

"निघ ना मग. कुणी धरलंय?"

"आई, चालवायचं तुला आहे."

यात मावशीची काय चूक? सत्तावीस वर्षं ती डावीकडेच बसली होती. डावी जागा शिकवणारीची, उजवी शिकणाऱ्याची, हे तिच्या हाडात बसलेलं. त्यातून लेकीची गाडी बिनगिअरची, तिला क्लचच नाही. क्लचमावशीच्या गाडीला क्लच नाही म्हटल्यावर बाईने करायचं काय? डावा पाय क्लच शोधत गेला आणि रुंद ब्रेकवर आदळला. लेकीचं कपाळ समोर आपटता आपटता वाचलं.

हळूहळू तो पाय गप्प बसला, हात सुधारला. एक खोड मात्र काही केल्या जाईना. मान उजवीकडे वळली आणि त्या जागेवर माणूस दिसलं, की पाय ब्रेकवर जायचा. रस्ता रिकामा असो, सिग्नल हिरवा असो. उजवीकडे माणूस बसलंय म्हणजे ते शिकाऊ, आणि शिकाऊ म्हणजे आता काहीतरी घोळ घालणार. दाब ब्रेक. दर वेळी गाडी आचके द्यायची, मागचे लोक भोंगे वाजवायचे आणि ढमी मागे कानांतल्या यंत्रांचा आवाज बारीक करून मजेत बसायची. लेक दात आवळून सही करायची.

पन्नास तास भरले. परीक्षेला उजवीकडे एक उंच, अबोल गृहस्थ बसले. चाळीस मिनिटांनी त्यांनी कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, अनावश्यक ब्रेक अकरा वेळा. त्याखाली वेगळ्या शाईत, उमेदवाराने परीक्षकास आरशात बघण्याची सूचना दिली, दोन वेळा. निकाल नापास.

मावशीने तो कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला. नापास हा शब्द तिने हजारदा ऐकला होता, पण तो दुसऱ्या स्कूलवाल्यांच्या शिकाऊंबद्दल. घरी येऊन ती नीट जेवली नाही. आणखी दहा तास, आणि तारीख एकदम चार आठवड्यांनंतरची. तीही कुणीतरी रद्द केली म्हणून मिळाली. ती चुकली तर पुढची तारीख अडीच महिन्यांनी. म्हणजे अडीच महिने लेकीच्या डोळ्यांवर झोप, आणि रस्त्यावर खांब काही कमी नव्हते.

परीक्षा गुरुवारी. त्या आठवड्यात सोमवारी सकाळी दोघी ढमीला शाळेत सोडून परत निघाल्या. मावशी चालवत होती. लेकीची सलग चौथी रात्रपाळी झालेली. पुलाजवळ मावशी म्हणाली, "ही पुढची लाल गाडी बघ कशी मध्येच घुसते." उत्तर नाही. तिने उजवीकडे पाहिलं. लेकीची मान दाराला टेकलेली, तोंड थोडं उघडं.

या वेळी ब्रेक लागला तो मात्र बरोबर लागला. मावशीने पार्किंगची पाटी बघून, वळायचा दिवा लावून गाडी एका बंद फर्निचरच्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत घेतली आणि इंजिन बंद केलं. शेजारी बसणाऱ्याने जागे असावे. ती जागी नव्हती, म्हणजे मावशीला चालवता येत नव्हतं. आणि उठवावं, तर उठवायचा हात होईना. तिने काच दोन बोटं खाली केली, आपली शाल लेकीच्या अंगावर टाकली आणि स्टिअरिंगमागे बसून राहिली. कापडाने पुढची काच आतून पुसून झाली. गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका वाचून झाली. दोन तास दहा मिनिटं झाली.

लेक दचकून उठली. "किती वाजले? अगं, उठवायचं नाही का मला?"

"गाढ झोपली होतीस."

"दोन तास! आई, गुरुवारी परीक्षा आहे, अजून अडीच तास भरायचेत तुझे!" लेकीने वही ओढली. "थांब, हे दोन तास लिहून टाकते. कोण बघायला आलंय?"

"तेरा मिनिटं लिही. पुलापर्यंतची."

"आई!"

"तुला जागं राहवत नाही म्हणून मी आले ना इथे? मग तुझ्या झोपेचे तास लिहून पास होऊ का मी?"

मग लेकीचा बांध फुटला. चार रात्रींचं जागरण आणि त्यामागची वीस वर्षं, सगळं एकदमच बाहेर आलं.

"नियम, नियम! मी तीनदा नापास का झाले, माहितीये तुला? तुझ्या गाडीत मी एकदाही ब्रेक दाबला नाही. माझा पाय उचलायच्या आत तुझा दाबलेला असायचा. परीक्षेला शेजारी तू नव्हतीस, आणि माझा पाय तुझीच वाट बघत बसला! लोकांच्या मुलींना तू चुका करू द्यायचीस. मी बघितलंय. माझ्यावरच तेवढा विश्वास नव्हता तुझा."

मावशीने समोर पाहिलं. दुकानाच्या काचेत एक सोफा होता, त्यावर किमतीची चिठ्ठी.

"विश्वासाचं नव्हतं गं," ती म्हणाली. "लोकांच्या मुली गाडीत असल्या की मला रस्ता दिसायचा. तू असलीस की नुसती तूच दिसायचीस. पाय थांबायचाच नाही. भीती वाटायची मला. तुझे वडील हसायचे. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून तुलाच ओरडत राहिले."

लेकीने वहीत तेरा मिनिटं लिहिली आणि सही केली. मग नाक पुसत म्हणाली, "चल. मी जागी आहे. आणि माझ्याकडे बघू नकोस. पुढे बघ."

घरापर्यंत मावशीने पुढे बघितलं. अकरा किलोमीटरांत ब्रेक चार वेळा लागला, चारही वेळा सिग्नलला.

सोमवार, मंगळवार, बुधवार मावशीने लेकीची खोली अंधारी केली, खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि दाराची घंटा काढून ठेवली. शाळेची गाडी आली की ढमीला जिन्यातूनच चवड्यांवर चालवत आणायची. चार वाजता लेक उठली की चहा, आणि मग गाडी. रोज पाऊण तास, बुधवारी थोडा जास्तच. वही भरली. एकही मिनिट झोपेचं नव्हतं.

गुरुवारी परीक्षेला तेच उंच गृहस्थ निघाले. त्यांनी मावशीला ओळखलं. तिने त्यांना ओळख दाखवली नाही, कारण त्यासाठी उजवीकडे बघावं लागलं असतं. तोंड घट्ट मिटलेलं, नजर रस्त्यावर. बाजाराच्या चौकात त्यांना आरशात बघायला सांगावं असं फार वाटलं, पण तिने जीभ चावली. शेवटच्या वळणावर दोन उभ्या गाड्यांच्या मधून एक सायकलवाला अचानक पुढ्यात आला. मावशीने ब्रेक दाबला. सायकलवाला हात वर करून निघून गेला. शेजारचे गृहस्थ पट्ट्यात अडकून पुन्हा मागे टेकले आणि त्यांनी काहीतरी लिहिलं.

कागदावर होतं, ब्रेक: एक. आवश्यक. निकाल पास.

"अभिनंदन," ते म्हणाले. "आधी कधी चालवली होती का?"

"थोडीफार," मावशी म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिने गाडीच्या दोन्ही लाल पाट्या काढल्या, पुसल्या आणि कपाटात ठेवल्या. टाकून देववेनात. ढमीला मागे बसवलं, पट्टा दोनदा ओढून बघितला आणि दवाखान्याच्या फाटकाशी गाडी नेऊन उभी केली. लेक बाहेर आली ती सवयीने डाव्या दाराकडे. दार उघडलं, आत आई बसलेली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग लेक गाडीला वळसा घालून उजवीकडे येऊन बसली. बसल्या बसल्या तिचे दोन्ही पाय खालच्या पत्र्यावर घट्ट रोवलेले, उजवा थोडा पुढे, तिथे नसलेल्या ब्रेकवर. ते मावशीला न बघता कळलं. असले पाय ती ओळखते.

पहिला सिग्नल गेला. दुसरा गेला. पुलाच्या अलीकडे लेकीचे पाय सैल पडले. एक बूट घरंगळून निघाला.

ढमीला स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. ती मागून खणखणीत ओरडली, "आजी, आई झोपली! आता गाडी थांबवायची?"

मावशीने पुढे बघत बोट ओठांवर ठेवलं आणि आरशातून ढमीला दाखवलं.

"झोपू दे," ती म्हणाली. "आता चालतं."